बेट एकच, बाकी टापू

माहेर भंडारा म्हटलं, की पुण्यात मला हमखास दोन प्रश्न येतात. एक, "म्हणजे जेजुरीचा?" आणि दुसरा, "कुणाकडे आहे भंडारा? जेवायला कधी यायचं?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी यात फरक नाही. हल्ली मी हळद आणि जेवण दोन्ही बाजूला सारते आणि सांगते, की तो राज्याच्या पार पूर्वेकडचा एक जिल्हा आहे, आणि तुमच्या गल्लीत जेवढे खड्डे आहेत त्याहून जास्त तिथे तलाव आहेत. लोक हसतात. त्यांना ती थाप वाटते.

तर ज्यांना थाप वाटते त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलंय. या डिसेंबरात आम्ही पाच जणांनी वैनगंगेच्या पाण्यातल्या एका टेकडीवर तंबू ठोकला. मी, माझा नवरा नितीन, मुलगी मैत्री आणि माझे आईबाबा. तंबू कसा ठोकला ते पुढे येईलच, त्यात फुशारकी मारण्यासारखं नितीनकडे काही नाही.

निमित्त मैत्रीचं होतं. ती सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. कुणी वाई सांगितलं, कुणी खेड. ही उठली आणि म्हणाली, "बाबांचं सांगली आहे, पण ते शहर आहे. आईचं गाव धरणात गेलं. म्हणजे आम्हाला गावच नाही." आणि बसली. संध्याकाळी तिने हेच फोनवर आपल्या आबांना, म्हणजे माझ्या बाबांना, जसंच्या तसं ऐकवलं. मग बाबा म्हणाले, "गाव आहे तुले. येजो तू, दाखवतो."

आईने नंतर मला सांगितलं की त्या रात्री ते धड जेवले नाहीत. दाखवणार काय होते? आमची सावरटोली गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली. लोकांना दुसरीकडे वसवलं. बाबा आधीपासून नोकरीला भंडाऱ्यात होते, तिथेच राहिले. पाणी चढल्यापासून ते त्या काठावर एकदाही गेले नव्हते. कुणी चल म्हटलं तर म्हणायचे, "काय पाहाले जाऊ? पानी?" आणि आता नातीला शब्द देऊन बसले होते.

मुक्कामाची बाजू नितीनने उचलली. त्याचे मित्र दर थंडीत पवनेच्या काठी तंबू लावून शेकोटीभोवती जुनी गाणी चुकीच्या चालीत म्हणतात, त्यामुळे तो स्वतःला जाणकार समजतो. माझ्या चुलतभावाकडून त्याने एका नावाड्याचा नंबर मिळवला आणि फोन लावला. "बेटावर सोडाल का? एक रात्र राहायचंय."

"सोडतो जी, बेटावर," नावाडी म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. आमची सगळी सहल त्या एका शब्दावर उभी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कोंढ्याचा चहा

भंडाऱ्याहून सकाळी निघालो. अड्याळ मागे टाकलं आणि कोंढ्याला चहाला थांबलो. धान निघालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, नुसते बुडखे उभे होते, कुठे कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, कुठे मळणी चाललेली, आणि रस्ताभर ताज्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास. हा वास मला पुण्यात स्वप्नात येतो असं मी नितीनला सांगितलं. त्याला शिंक आली.

गाडीच्या टपावरचं सामान पाहून चहावाल्याने विचारलं, "कुठी जाऊन राहिले जी एवढं घेऊन?"

"कॅम्पिंगला," नितीन म्हणाला. "बेटावर राहायला."

"काहून? घर नाही का?"

आईला इतकं हसू आलं की तिने बशी खाली ठेवली. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चहावाल्याला विचारलं, "पानी किती आहे यंदा?"

"गंज आहे. समुद्रच आहे म्हना ना."

बाबांनी मान हलवली आणि उरलेला चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, आपण या माणसाला उगाच घेऊन चाललोय.

घाट

आमची नाव म्हणजे लोखंडी, इंजिनाची, या काठावरून त्या काठावर लोकांना नेणारी. तिच्यात आधीच दोन मोटारसायकली, चार शेळ्या आणि टोपली घेतलेल्या एक बाई होत्या. नावाडी सुकरामभाऊ, चाळिशीचा, कानाला मफलर. आम्हाला वाटेत सोडून तो पुढे जाणार होता.

पाणी पाहून नितीन गप्प झाला, आणि नितीन गप्प झाला की मला फार बरं वाटतं. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. मध्येच हिरव्या टेकड्या वर आलेल्या, एक जवळ, दोन मागे, आणखी काही लांब. "हे भंडाऱ्याचं आहे," मी म्हटलं, जणू मीच बांधून घेतलं होतं. नितीनने फोन काढला.

"किती बेटं आहेत इथे, भाऊ?"

"बेट एकच आहे जी. बाकी सारे टापू."

नितीनने बोटाने मोजून दाखवलं. "अहो, हे एक, ते दुसरं, ते तिसरं..."

"ते टापू आहेत."

"मग बेट कुठलं?"

सुकरामने हनुवटीनेच दूरची टेकडी दाखवली. "ते. झिबलचं बेट."

हा माणूस ठीक आहे ना, अशा नजरेने नितीनने माझ्याकडे पाहिलं. माझं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. मी बाबांकडे पाहत होते. झिबल हे माझ्या आजोबांचं नाव.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या भागात बेट म्हणजे बांबूचं बेट, एका कंदातून उठलेला बांबूंचा झुबका. पाण्याने वेढलेल्या जमिनीला सगळे टापू म्हणतात. पुण्याच्या मराठीतही बेटाचे दोन्ही अर्थ आहेत, पण बांबूच डोळ्यांसमोर नसल्यावर एक अर्थ आपोआप गळून पडतो. नितीनने फोनवर एक बेट मागितलं होतं आणि सुकरामने दुसरं देऊ केलं होतं. सावरटोलीच्या मागच्या टेकडीवर माझ्या आजोबांनी लावलेलं बांबूचं बेट होतं, हे मला माहीत होतं. ते पाण्यात गेलं, असं बाबा धरून चालले होते. "पानी टेकडीच्या डोक्यावरून गेलं असन," एवढं म्हणून ते विषय संपवायचे.

"हे झिबल कोण?" नितीनने विचारलं. सासऱ्यांच्या वडिलांचं नाव जावयाला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात बाबांनी माझं मनगट दाबलं.

"कोन जाने जी," सुकराम म्हणाला. "आमी वरच्या गावचे, पानी आल्यावर इकडे आलो. पन मोठा मानूस असन. मोठा असल्याबिगर नाव रायते का?"

बाबा उठले आणि नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन बसले. त्यांची फक्त पाठ दिसत होती. आई मला हळूच म्हणाली, "बोलू नोको आता. त्याइले पाहू दे."

पुढचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पाण्यात उभी राहिलेली वठलेली झाडं आणि त्यांच्यावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. नितीनच्या महागड्या झोपायच्या पिशवीचा पट्टा शांतपणे चघळणारी शेळी. टोपलीवाल्या बाईंनी आईला माहेर विचारलं, सासर विचारलं, आणि दोन्हीकडची एकेक ओळख निघाल्यावर ओंजळभर झिंगे पानात बांधून दिले. पुण्यात मला शेजारच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव दारावरच्या पाटीमुळे माहीत आहे. टेकडीजवळ आल्यावर सुकरामने इंजिन बंद केलं आणि लांब बांबू पाण्यात रोवून नाव काठाला लावली.

बेट

बाबा सगळ्यांच्या आधी उतरले. चिखलात पाय गेला, मी हात पुढे केला, त्यांनी घेतला नाही. चढ फारसा नव्हता. वर पोचण्याआधीच त्यांनी चपला काढल्या.

आजोबांनी लावलेलं एक बेट होतं, असं मी ऐकलं होतं. आता टेकडीचा सगळा माथा बांबूंनी भरला होता. जुने पिवळे पडलेले, मधले हिरवे, आणि यंदाचे, ज्यांच्या अंगावर अजून पांढरी भुकटी होती. वारा आला की वर सळसळ आणि खाली करकर असे दोन वेगळे आवाज व्हायचे. बाबांनी एका जाड बांबूवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

"जित्तं आहे," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. इतकी वर्षं हा माणूस काठावर यायला घाबरत होता, आणि इथे त्याच्या बापाच्या हातचं बेट कुणाची वाट न पाहता वाढत बसलं होतं. आता नितीनला झिबल कोण ते सांगितलं. तो बांबूंकडे पाहत राहिला आणि मग त्यानेही चपला काढल्या. माझा नवरा बरा माणूस आहे, हे मी अधूनमधून विसरते.

सुकराम तोवर शेळ्या घेऊन पुढे गेला होता. जाताना सरपणासाठी त्याची कुऱ्हाड ठेवून गेला, ते फार बरं झालं. कारण तंबूची पिशवी उघडली तेव्हा त्यात कापड होतं, दोऱ्या होत्या, खिळे होते आणि दांड्या नव्हत्या. दांड्या भंडाऱ्याच्या घराच्या ओसरीत भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या, यावर नितीन अजूनही काही बोलत नाही.

"जवाई," बाबा म्हणाले, "बांबूच्या बेटात बसून दांड्याले कायले रडता?"

मैत्रीला हाताशी घेऊन त्यांनी बांबू निवडले. यंदाच्याला हात लावायचा नाही. आधीच्या वर्षीचाही नको, त्याच्या आधाराने पुढचा उठतो. मधला झुबका मोकळा करायचा नाही. तिने विचारलं, "मग तोडायचा कुठला?" त्यांनी एक पिवळट बांबू बोटाने वाजवून दाखवला. मैत्री प्रत्येक बांबू वाजवत फिरली. तंबू शेवटी उभा राहिला, थोडा डावीकडे झुकलेला, पण हलवला तरी हलत नव्हता.

नितीनची गॅसची शेगडी वाऱ्यापुढे टिकली नाही. आईने तीन दगड मांडले. चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला तसा वास असा सुटला की मैत्री आबांना सोडून चुलीजवळ येऊन बसली. वांगी घातलेले झिंगे, घरून आणलेले लाखोरीच्या डाळीचे वडे आणि हा भात. पवनेच्या काठी मी कोळशावर भाजलेलं पनीर खाल्लं आहे. तुलना करणार नाही, माझ्या सासरचेही लोक हे वाचणार आहेत.

दिवस मावळताना मैत्रीने विचारलं, "आबा, पणजोबांनी इतक्या वर का लावलं? खाली गावात का नाही?"

"खाली त्याची जागा कुठी होती?" बाबा म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मलाही इतकं सलग कधी ऐकायला मिळालं नव्हतं. आजोबा लोकांच्या बांध्यांत रोवणीला, म्हणजे भातलावणीला जायचे. आमच्या मोहल्ल्याने छप्पन्न साली बुद्धाचा धम्म घेतला, आणि त्यानंतर गावातल्या काही घरांचा सूर बदलला. मोहल्ल्यात माणूस गेलं की तिरडीला बांबू ज्याच्या वावरात बेट असेल त्याच्या दारात मागावे लागत. एकदा एक म्हातारी गेली. ही माणसं सकाळीच मागायला गेली, आणि मालकाने त्यांना दिवस कलेपर्यंत अंगणात उभं ठेवलं. मयत घरी तशीच पडून होती.

"त्याच पावसाळ्यात माह्या बापानं जंगलातून कंद आनला," बाबा म्हणाले. "खांद्यावर. अन् ह्या टेकडीवर लावला. गोटाड जागा, कोनालेच नोको होती. पुढचा सारा उन्हाळा नदीतून घागरी भरून वर नेल्या. लोक हासत."

"मग?"

"मंग काय, वाढलं. मोहल्ल्यातली तिरडी अठूनच. लग्नाचा मांडोबी अठूनच. जे हासत होते तेबी आले बांबू मांगाले."

"पणजोबांनी दिले?"

"देल्ले ना. कोनालेच दारात उभं ठेवलं नाही. विचाराचंबी नाही, म्हने. तोडा अन् न्या, फक्त कोवळा सोडा."

मैत्रीने थोडा विचार केला. "म्हणजे हे आपल्या मालकीचं होतं?"

"मालकीचं नोहोतं. त्यानं लावलं, एवढंच." मग बाबांनी तिला जवळ ओढलं आणि म्हणाले, "तोबी ह्याच बांबूवर गेला."

आई उठून भांडी आवरायला लागली.

सकाळी मी तंबूबाहेर आले तर पाण्यावर धुकं होतं आणि दोघं उतारावर उभी होती. बाबा पाण्याकडे बोट करून सांगत होते. अठी विहीर. तठी शाळा. त्याच्या मांगं चिचेचं झाड, त्याच्याजवळ आमचा मोहल्ला, अन् त्या वठलेल्या झाडाच्या सिध्यात विहार. मैत्री तेच बोट करून परत म्हणून दाखवत होती, चुकली की बाबा दुरुस्त करत होते. असं त्यांनी किती वेळा केलं कुणास ठाऊक. जेव्हा ती न अडखळता सगळं गाव म्हणाली, तेव्हा बाबा माझ्याकडे वळले आणि हसले. ते हसू मी पुण्याला घेऊन आले आहे.

टापू

सुकराम उन्हं चढल्यावर आला आणि म्हणाला, आता बाकीचे टापूही पाहून घ्या. एकावर फक्त पक्षी. बगळे आणि पाणकावळे इतके की झाडं पांढरी पडली होती, वासाने आम्ही नाकाला रुमाल लावूनच फिरलो आणि नितीन घसरून बसला ते नेमका त्याच पांढऱ्यात. दुसऱ्यावर शेळ्या. लोक सकाळी नावेतून त्यांना आणून सोडतात आणि संध्याकाळी परत नेतात. कुंपण नको, राखणदार नको, मला ही युक्ती फार आवडली. कालची पट्टा खाणारी तिथेच होती. तिने नितीनला ओळखलं असं मैत्रीचं म्हणणं आहे.

शेळ्यांच्या टापूवर सावलीत बसून आम्ही उरलेले वडे खाल्ले. सुकरामही बसला. आता पाहुणे खूश दिसतात म्हटल्यावर तो रंगात आला.

"झिबलचं बेट आवडलं ना? तो झिबल पाटील होता म्हनतेत. शंभर एकराचा. हत्ती होता त्याच्या दारात. बांबू हत्तीवरून जाये नागपूरले."

मैत्रीचे डोळे मोठे झाले. नितीनने वडा तोंडाजवळच थांबवला. मी बाबांकडे पाहिलं. खरं सांगते, माझ्या मनात आलं, राहू द्या ना. त्यांच्या बापाला पाण्याने गाव घेऊन हत्ती दिलाय, तर बसू द्या त्यांना हत्तीवर. काल माझं मनगट दाबणारे बाबा आजही गप्प राहतील असंच मला वाटलं.

बाबांनी हात पुसले. "पाटील नोहोता," ते म्हणाले.

"असं? तुमाले माहीत आहे, काका?"

"माहा बाप होता."

सुकरामने त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. चेष्टा आहे का ते पाहत असावा.

"हत्ती नोहोता, एकरबी नोहोतं," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण पाठ ताठ होती. "लोकायच्या बांधीत रोवना करे. तिरडीले बांबू मिळत नोहोता म्हनून त्यानं ते बेट लावलं. साऱ्या गावानं तोडलं, तरी सरलं नाही. पाटील सांगू नोको त्याले. पाटील गंज होते. त्याइच्या नावाचा टापू कुठी आहे?"

मग सुकराम उठला, नावेतून आपला तो लांब बांबू घेऊन आला आणि बाबांच्या पुढ्यात आडवा धरला.

"हाबी तठलाच आहे, काका," तो म्हणाला. "आमचे सारे नाववाले तठूनच आनतेत. कोवळा तोडत नाही कोनी. काहून ते माहीत नोहोतं, म्हातारे म्हनत तोडू नोका, म्हनून नाही तोडत."

बाबांनी बांबू हातात घेतला, वाजवून पाहिला आणि परत दिला. "बेस आहे," म्हणाले. आईने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली आणि ती दुसरीकडे पाहू लागली. मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा कधी वाटलेला नाही. बापाला मिळालेला हत्ती त्यांनी परत केला होता.

परत घाटावर आलो तर नागपूरचं एक कुटुंब नावेची वाट पाहत उभं होतं. नवी टोपी घातलेले गृहस्थ, त्यांची बायको, दोन लहान मुलं. आमचं सामान उतरत होतं तोच त्या बाईंनी पाण्याकडे पाहत विचारलं, "किती बेटं आहेत हो इथे?"

सुकराम तोंड उघडणार, पण मैत्री पुढे झाली.

"बेट एकच आहे. बाकी सारे टापू."

"अगंबाई. आणि ते कुणाचं?"

"झिबलचं. माझ्या पणजोबांचं." तिने दूरच्या टेकडीकडे बोट केलं, आणि मग बोट जरा खाली, पाण्यावर आणलं. "ते आमचं गाव आहे."

बाई कौतुकाने हसल्या. मोठ्या घरची मुलगी दिसते, असं त्यांना वाटलं असावं. "हो का? मग खूप जमीन असेल नाही पणजोबांची?"

मैत्रीने वळून आबांकडे पाहिलं.

"जमीन नव्हती," ती म्हणाली. "बेट होतं."